संशोधकाची यादी वाचावी कशी?

१९८१ साली जर्मनीतल्या स्प्रिंगर प्रकाशनाच्या 'थिऑरेटिकल अँड अप्लाइड जेनेटिक्स' या नियतकालिकाच्या साठाव्या खंडात चार पानांचा एक शोधनिबंध छापून आला. लेखक दोन: एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर. मुक्काम मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी. विषय भेंडीवरचा केवडा, म्हणजे शेतकरी ज्याला हळद्याही म्हणतात तो रोग. पानाच्या शिरा आधी पिवळ्या पडतात, त्यांची जाळी होते, मग अख्खं पान पिवळं होतं. फळही पिवळट आणि निबर निघतं, आणि बाजारात त्याला कोणी हात लावत नाही. विषाणू पांढरी माशी पसरवते. झाडात शिरलेल्या विषाणूवर फवारणीचा इलाज चालत नाही. म्हणून जांभळे आणि नेरकर यांनी भेंडीचा संकर तिच्याच कुळातल्या 'अॅबेलमॉस्कस मॅनिहॉट' या प्रजातीशी केला आणि रोगाला दाद न देण्याची ताकद पुढच्या पिढ्यांत कशी उतरते ते तपासलं. निष्कर्ष असा, की ही ताकद एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून आहे.

एकच जनुक, तेही प्रभावी. पैदासकाराच्या दृष्टीने याहून चांगली बातमी नसते, कारण असा गुण उचलून चांगल्या वाणात आणणं आवाक्यातलं असतं. 'पुसा सावनी' या तेव्हाच्या लोकप्रिय पण रोगाला बळी पडणाऱ्या भेंडीत तो गुण आणला गेला आणि 'परभणी क्रांती' हे वाण तयार झालं. त्याची नोंद १९८६ साली 'हॉर्टसायन्स' या अमेरिकी नियतकालिकात आली. ती अवघी दोन पानांची. नेरकर पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. वाण देशभर पसरलं आणि त्याचं बियाणं दुकानात आजही याच नावाने मिळतं.

ही सहा पानं आजच्या रिवाजाप्रमाणे मोजली तर काय दिसेल? दोन निबंध, आणि आण्विक जीवशास्त्रातल्या किंवा मेंदूविज्ञानातल्या गाजलेल्या निबंधांपुढे किरकोळ वाटावी इतकी उद्धरणं. उद्धरण म्हणजे दुसऱ्या संशोधकाने आपल्या निबंधाच्या शेवटी दिलेला हवाला, ज्याला प्राध्यापक मंडळी बोलताना सरळ 'सायटेशन' म्हणतात. नेमणूक, स्थाननिश्चिती, पीएच.डी.चं मार्गदर्शकपद, प्रकल्पाचा निधी, पुरस्कार, सगळीकडे आज हाच आकडा आधी विचारला जातो. तो आकडा काय सांगतो, काय सांगत नाही आणि महाराष्ट्रात त्याने काय घडवलं, याचा हिशेब एकदा नीट मांडायला हवा.

मुळात हवाले मोजण्याची कल्पना माणसांना गुण देण्यासाठी निघालीच नव्हती. अमेरिकेतल्या यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात ती मांडली, तेव्हा त्यांचा प्रश्न ग्रंथपालाचा होता: एखादा जुना निबंध हाती आला, तर त्यावर पुढे कोणी काय काम केलं, कोणी तो खोडला, हे शोधायचं कसं? १९६४ पासून त्यांच्या फिलाडेल्फियाच्या संस्थेने 'सायन्स सायटेशन इंडेक्स' नियमित काढायला सुरुवात केली आणि हा शोध शक्य झाला.

या साधनाचा मूळ उपयोग किती मोलाचा आहे, ते भेंडीवरूनच कळतं. केवड्याची पहिली नोंद म्हणून सगळे जण कुलकर्णी यांच्या १९२४ सालच्या लेखाचा हवाला देतात. हा लेख मुंबई इलाख्यातल्या पिकांच्या रोगांवरचा, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या मासिकात आलेला. १९४० मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी 'करंट सायन्स'मध्ये हा रोग विषाणूचा असल्याचं दाखवलं. मग परभणीची १९८१ आणि १९८६ ची पानं. २००३ मध्ये मदुराई कामराज विद्यापीठातल्या जोस आणि उषा यांनी 'व्हायरॉलॉजी'मध्ये सिद्ध केलं, की रोगामागे एकटा विषाणू नाही, त्याच्यासोबत डीएनएचा एक उपग्रह-तुकडाही लागतो. पुणे, परभणी, मदुराई. जवळपास ऐंशी वर्षांच्या या धाग्याचं एक टोक धरलं की दुसरं हाती येतं, ते हवाल्यांमुळेच.

याच धाग्यात हवाल्यांचा कच्चा दुवाही दिसतो. १९२४ च्या त्या कुलकर्ण्यांची आद्याक्षरं काही निबंधांत 'जी. एस.' अशी येतात, तर काहींत 'सी. एस.'. खंड आणि पानांचे आकडेही एकमेकांत मिसळलेले सापडतात. मूळ मासिक मिळणं अवघड. तेव्हा आधीच्या निबंधातला हवाला उचलायचा आणि आपल्या यादीत बसवायचा, अशी ही वाटचाल. हा दोष फक्त आपल्याकडचा नाही. सिमकिन आणि रॉयचौधरी या दोन अभ्यासकांनी २००३ मध्ये छापील चुका एका निबंधातून दुसऱ्यात कशा उतरत जातात याचं गणित मांडलं आणि अंदाज काढला, की हवाला देणाऱ्यांपैकी मूळ निबंध खरोखर वाचणारे सुमारे वीस टक्केच असावेत. म्हणजे शंभर उद्धरणं दिसली, तर शंभर वाचक मिळाले असं समजण्याचं कारण नाही.

परभणी क्रांतीचा हवाला देणारे निबंध उघडले की आणखी एक गोष्ट कळते. नंतरच्या कामांत हे वाण तुलनेसाठी वापरलेलं असतं आणि ते रोगाला पूर्वीसारखं दाद न देणारं राहिलं नाही, असं नोंदवलेलं असतं. विषाणू बदलले, शेतं बदलली, प्रतिकार खचत गेला. गुगल स्कॉलरच्या मोजणीत या उद्धरणाचाही एकच अंक धरला जातो. कौतुकाचा हवाला, दुरुस्तीचा हवाला आणि सवयीने दिलेला हवाला, तिन्हींची किंमत एकच.

आकड्यांचा सगळ्यात मोठा चमत्कार मात्र मेंदूच्या एका अभ्यासकाच्या नावावर आहे. ऑलिव्हर लॉरी अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात काम करत. त्यांचं खरं प्रेम मेंदूच्या रसायनशास्त्रावर. एकेका चेतापेशीतली विकरं मोजता यावीत इतक्या बारीक पद्धती त्यांनी शोधल्या. पण जगाने त्यांना ओळखलं ते १९५१ च्या एका निबंधामुळे. नमुन्यात प्रथिन किती आहे हे मोजायची ती युक्ती. अल्कलीयुक्त द्रावणात तांब्याचा क्षार, मग फोलिनचं अभिकर्मक, आणि परीक्षानळीत चढत जाणारा निळा रंग. रंग जितका गडद तितकं प्रथिन जास्त. बायोकेमिस्ट्री शिकलेल्या बहुतेक मराठी विद्यार्थ्यांनी हे प्रात्यक्षिक केलेलं असतं. 'नेचर'ने २०१४ मध्ये सर्वाधिक उद्धरणं मिळालेल्या शंभर निबंधांची यादी काढली, तेव्हा लॉरींचा हा निबंध तीन लाखांहून अधिक उद्धरणांसह पहिला होता. दुसरा लेम्लींचा १९७० चा, तिसरा ब्रॅडफर्ड यांचा १९७६ चा. दोन्ही प्रथिनांवरचे, दोन्ही पद्धती सांगणारे. डीएनएची दुहेरी मळसूत्री रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा निबंध त्या शंभरात नाही.

लॉरींनाही आपला हा निबंध थोर वाटत नव्हता, आणि त्यांनी तसं सांगितलंही होतं. पद्धत सांगणारा निबंध सगळ्यांना लागतो, म्हणून त्याचा हवाला सगळे देतात. जगाची समजूत बदलणारा निबंध काही वर्षांत पाठ्यपुस्तकात जातो, आणि त्यानंतर त्याचा हवाला द्यायची गरज कोणाला वाटत नाही. उद्धरणांचा आकडा वापर दाखवतो. मोठेपण त्यात असेलच असं नाही. आणि वाट पाहण्याचा प्रश्न वेगळाच. मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला आणि १९०० पर्यंत त्याकडे जवळपास कोणी फिरकलं नाही. परभणीच्या भेंडीतलं 'एक प्रभावी जनुक' ही भाषा ज्या निबंधातून आली, त्याच्या पहिल्या तीस वर्षांचा लेखाजोखा आजच्या कोणत्याही समितीपुढे नापास झाला असता.

मग आला एच-इंडेक्स. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये तो सुचवला. समजा एखाद्याचे सहा निबंध आहेत आणि त्यांना अनुक्रमे ४०, १२, ७, ४, २ आणि ० उद्धरणं आहेत. किमान चार उद्धरणं मिळालेले निबंध चार, म्हणून एच-इंडेक्स चार. आता पहिल्या निबंधाची उद्धरणं चाळीसवरून चार हजारांवर गेली तरी हा आकडा चारच राहतो. एक जबरदस्त शोध आणि त्यासोबत मोजकं लिखाण करणारा माणूस यात मार खातो. दरवर्षी मध्यम दर्जाचे पाच निबंध काढणारा पुढे जातो. वय वाढेल तसा हा आकडा चढतो, कधी उतरत नाही, त्यामुळे तिशीतल्या आणि साठीतल्या माणसांना एकाच पट्टीने मोजणं अन्यायाचं. विषयांतला फरक तर त्याहून मोठा. आण्विक जीवशास्त्रात आणि मेंदूविज्ञानात जगभर हजारो प्रयोगशाळा आहेत, निबंधामागे हवाल्यांच्या लांब याद्या असतात, तिथे उद्धरणं भराभर साठतात. कोरडवाहू ज्वारीवर काम करणाऱ्यांची संख्या त्या मानाने मूठभर. परभणीच्या पैदासकाराचा एच-इंडेक्स मुंबईच्या मेंदूविज्ञान प्रयोगशाळेशेजारी ठेवून मत बनवणारा माणूस दोन्ही विषयांबद्दल अजाण म्हटला पाहिजे.

आकडा कुठून घेतला, हेही विचारायला हवं. उद्धरणं मोजणाऱ्या सूचींपैकी वेब ऑफ सायन्स निवडक नियतकालिकंच धरतं, स्कोपस जरा अधिक, गुगल स्कॉलर तर प्रबंध, अहवाल, परिषदांची टिपणं असं सगळंच. एकाच माणसाचे तीन ठिकाणी तीन आकडे येतात, आणि अर्जात अर्थातच सगळ्यात मोठा लिहिला जातो.

मेंदूविज्ञानातल्या संशोधकाच्या निबंधांच्या यादीत काय वाचायचं असतं, याचं उत्तम उदाहरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये आहे. शुभा टोळे यांनी गर्भात मेंदू घडत असताना त्याच्या कोणत्या भागाचं काय व्हायचं हे कसं ठरतं, याचा शोध घेतला. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग कुठे आकाराला यावा, हे ठरवण्यात एलएचएक्स-२ या जनुकाचा वाटा त्यांच्या गटाने अमेरिकी सहकाऱ्यांसोबत दाखवला. निबंध २००८ च्या जानेवारीत 'सायन्स'मध्ये आला. लेखकांची नावं डझनभराहून अधिक. या विषयांत पहिलं नाव बहुधा प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याचं असतं आणि शेवटचं प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं. इथे पहिलं नाव मांगले यांचं आहे. शेवटचं अमेरिकेतल्या एडविन मोनुकी यांचं, आणि त्यांच्या आधी टोळे यांचं. दोन प्रयोगशाळांचं जोडकाम असलं की असंच होतं. 'शेवटचा लेखक तोच प्रमुख' असा सरधोपट नियम लावणाऱ्या समितीला हे कसं कळणार? टोळे यांना २०१० मध्ये भटनागर आणि २०१४ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला तो जाणकारांनी काम वाचल्यामुळे. त्याच संस्थेतल्या विदिता वैद्य यांचं सेरोटोनिन आणि मनाच्या आजारांवरचं काम असंच, दोन दशकं एका प्रश्नाला धरून राहिलेलं. त्यांना २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. अशा याद्या वरपासून खालपर्यंत वाचल्या की एक प्रश्न हळूहळू उलगडत गेलेला दिसतो. यादीच्या खरेपणाची ही सगळ्यात भरवशाची खूण.

टीआयएफआरमध्येच मूळच्या गोव्याच्या कुटुंबातल्या, केनियात जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी ओबेद सिद्दिकी यांच्यासोबत फळमाशीची चव आणि वास यांमागची जनुकं शोधायला घेतली. त्यांचा १९७८ चा सुरुवातीचा निबंध भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला होता. परदेशी नियतकालिकाचा शिक्का नसतानाही मेंदूविज्ञानाची एक शाखा इथे उभी राहिली.

मराठी संशोधकांची एक खास अडचण नावांची. देशमुख एस., पाटील एस., जाधव आर. असे शेकडो लेखक संगणकाला एकच माणूस वाटतात. उलट, कधी आडनाव आधी, कधी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर गाळलेलं, कधी 'शिंदे'चं स्पेलिंग बदललेलं, की एकाच माणसाचे तीन होतात. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्री-संशोधकांची तर अर्धी कारकीर्दच दुसऱ्या खात्यात पडून राहते. २०१२ पासून मिळणारा ऑर्किड हा सोळा अंकी क्रमांक यासाठीच आहे. तो फुकट मिळतो, आणि एम.एस्सी.च्या पहिल्या निबंधाआधीच काढून ठेवण्यासारखा आहे.

आता महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांकडे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत अध्यापकांच्या कामाला गुण द्यायची पद्धत आणली. या गुणांसाठीचा एपीआय हा शब्द त्यानंतर प्रत्येक स्टाफरूममध्ये ऐकू येऊ लागला. निबंधामागे ठरावीक गुण, गुणांवर स्थाननिश्चिती. ज्या महाविद्यालयात प्रयोगशाळा नावापुरती आणि तासांचा भार पूर्ण, तिथल्या अध्यापकालाही निबंध दाखवणं भाग पडलं. मागणी आली तसा पुरवठा उभा राहिला. पैसे भरले की चार दिवसांत स्वीकृती देणारी 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिकं गल्लोगल्ली निघाली. आयएसएसएन क्रमांक असला की नियतकालिक मान्यताप्राप्त, असा समज पक्का झाला. वास्तविक हा आठ अंकी क्रमांक नियतकालिकाची केवळ ओळख सांगतो, दर्जाशी त्याचा काहीही संबंध नाही.

या रोगाचं निदान केलं ते पुण्याने. भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर, श्रीधर गद्रे आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आयोगाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीची चिरफाड केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या ५,६९९ नियतकालिकांतून त्यांनी १,३३६ निवडली. नामांकित सूचीत असलेली ३२७ वगळून उरलेली १,००९ तपासली. त्यांतल्या ३४.५ टक्क्यांकडे पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावं अशी साधी माहितीही धड नव्हती. आणखी ५२.३ टक्क्यांनी खोटा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकातल्या निबंधांना सरासरी किती उद्धरणं मिळतात तो आकडा, वगैरे दावे केले होते. एकूण ८८ टक्क्यांच्या आसपास नियतकालिकं निकृष्ट ठरण्याजोगी. हा महाराष्ट्रात झालेला अलीकडचा एक अत्यंत उपयोगी अभ्यास आहे. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली, आणि २०१९ मध्ये केअर ही नवी यादी आली. तिचं बरंचसं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षाने केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही थांबवली आणि नियतकालिक निवडण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. कागदावर हे योग्यच. पण छोट्या महाविद्यालयात ती पारख करणारा माणूस कोण, याची सोय झालेली नाही.

नामांकित नियतकालिकातलं सगळंच सोनं असतं असंही नव्हे. अल्झायमरच्या विस्मरणामागे एक विशिष्ट प्रथिन आहे असं सांगणारा मिनेसोटा विद्यापीठातला २००६ चा निबंध 'नेचर'मध्ये आला होता. दोन हजारांहून अधिक उद्धरणं, त्यावर उभी राहिलेली कामं, त्यामागे गेलेला पैसा. २०२२ मध्ये त्यातल्या प्रतिमांवर जाहीर संशय व्यक्त झाला आणि जून २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला. मागे घेतल्यानेही आधीची उद्धरणं पुसली जात नाहीत.

कृषी विद्यापीठांत मोजमाप थोडं निराळं. तिथे राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीचं 'नास रेटिंग' चालतं. इम्पॅक्ट फॅक्टर असलेल्या नियतकालिकाला सहा अधिक तो फॅक्टर, असा ढोबळ हिशेब. विद्यार्थ्यांचे प्रबंध 'कृषिकोश' या ऑनलाइन भांडारात ठेवले जातात, ही फार चांगली सोय झाली आहे. तरीही परभणीच्या विद्यापीठाचं खरं काम कोणत्याच उद्धरण-सूचीत मावत नाही. १८ मे १९७२ ला स्थापन झालेल्या आणि २०१३ पासून वसंतराव नाईकांचं नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाने 'परभणी मोती' ही रब्बी ज्वारी दिली, नांदेडच्या संशोधन केंद्रातून एनएचएच-४४ हा कपाशीचा संकरित वाण दिला, बदनापूरच्या केंद्रातून तुरीचे वाण दिले. २०१८ मध्ये इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत 'परभणी शक्ती' ही ज्वारी आली: किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त, नेहमीच्या ज्वारीत हे प्रमाण साधारण ३० आणि २० च्या घरात. रक्तक्षयाने ग्रासलेल्या मराठवाड्यात या फरकाचं मोल कोणत्या इंडेक्सने मोजायचं? वाण पेरणारा शेतकरी हवाला देत नाही. 'शेतीभाती' मासिकात शेतकऱ्यांसाठी मराठीत लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाला त्या लेखाचे गुण मिळत नाहीत, वास्तविक ते सगळ्यात आधी मिळायला हवेत.

जगात यावर विचार झालेला आहे. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची किंमत करू नये असं स्पष्ट म्हटलं. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने आकडे जाणकारांच्या मताला पूरक असावेत, पर्याय नव्हे, असं सांगितलं. आपल्याकडे २०२२ मध्ये पीएच.डी.आधी निबंध छापण्याची सक्ती आयोगाने काढली, हे त्याच दिशेचं पाऊल. वर्तमानपत्रांत मात्र दरवर्षी 'जगातल्या पहिल्या दोन टक्के शास्त्रज्ञांत आपले प्राध्यापक' अशा बातम्या झळकतात. स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि सहकारी काढतात ती यादी उद्धरणांच्या सांख्यिकीवर बेतलेली आहे. स्वतःच्याच हवाल्यांचं प्रमाण तीत वेगळं दाखवलेलं असतं. बातमी देणाऱ्याने तो रकाना जरूर पाहावा.

परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथल्या निवड आणि स्थाननिश्चिती समित्यांना म्हणून एकच विनंती. उमेदवाराकडून पन्नास निबंधांची यादी घेण्याऐवजी त्याने स्वतः निवडलेले तीन निबंध मागवावेत, ते मुलाखतीच्या आठवडाभर आधी सदस्यांना द्यावेत, आणि प्रत्येक निबंधाबद्दल दोन प्रश्न विचारावेत: यातला नेमका कोणता प्रयोग तुम्ही स्वतः केलात, आणि यानंतर या प्रश्नाचं पुढे काय झालं? वाण, प्रबंधाचं मार्गदर्शन, मराठीतलं लिखाण, शेतकऱ्यांसाठी घेतलेली शिबिरं यांचीही कागदपत्रं त्याच टेबलावर असू द्यावीत. यासाठी नवा नियम लागत नाही, समितीतल्या जाणकारांचा दोन दिवसांचा वेळ लागतो.